बाराशे ओहम

२८ एप्रिल

पोचलो एकदाच्या. शासनाने मला बढती दिली आणि बढतीसोबत नागपूर दिलं. साताऱ्यात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, पण आई आणि मी मनापासून खुशीत आहोत. तंत्रनिकेतनात विद्युत विभाग, हाताशी बरी प्रयोगशाळा, आणि घर धरमपेठेत. भाजी, औषधं, देऊळ, सगळं पायी. वर्धा सोडल्यावर आईने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला, बघू म्हणाली इकडचं ऊन कसं असतं, आणि झटकन आत घेतला. दोघी हसलो.

घर तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे जाळी लावलेली पडवी. वर घरमालकीण इंदुताई एकट्या राहतात. सरकारी कचेरीत होत्या, आता निवृत्त. सामान उतरायच्या आत त्या गोळाभाताचं पातेलं घेऊन आल्या, सोबत चिंचेचं सार. आईशी त्यांचं लगेच जमलं.

घरातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे कूलर. पडवीत, खोलीच्या खिडकीला तोंड लावून उभा, जुना लोखंडी, आईच्या खांद्याएवढा उंच. बटण दाबलं आणि ओल्या वाळ्याचा वास घेऊन असा वारा आला की आई डोळे मिटून बसूनच राहिली. माझा जीव भांड्यात पडला. गेल्या मे महिन्यात ती साताऱ्याच्या एसटी स्टँडवर उष्माघाताने कोसळली होती. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा तसं झालं तर हातात काही राहणार नाही, यांना थंड ठेवा. अशा बाईला उन्हाळ्यात नागपूरला नेते म्हणून नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. त्यांनी हा कूलर बघायला हवा.

ही वही आईनेच गाडीत बसताना दिली. म्हणाली, ऋतुजा, तुझा राग वहीत काढत जा, माणसांवर नको. बघू किती जमतं.

२ मे

काम सुरू झालं. पहिल्या वर्षाचे पेपर तपासायला आलेत, म्हणून दुपारी घरी येऊन टेबलावर गठ्ठा मांडते. पोरांची गणितं बघून डोकं फिरतं. व्होल्टला करंटने भागलं की रोध, गुणलं की पॉवर, एवढंच तर आहे. पण निम्म्या वर्गाने गुणायचं तिथे भागलंय. दोन सारखे रोध समांतर जोडले की एकूण रोध निम्मा होतो, कारण करंटला एकाऐवजी दोन वाटा मिळतात. करंट दुप्पट, रोध निम्मा. पोरं डोळे झाकून रोध दुप्पट लिहितात. माझी लाल शाई संपत आली.

इंदुताईंची एक गंमत. रोज दुपारी त्या मागच्या जिन्याने पडवीत उतरतात आणि कूलरची टाकी भरतात. न विचारता. आधी कूलर बंद करतात, मग पत्र्याला हाताची मागची बाजू टेकवतात, थांबतात, आणि नंतरच पाइप धरतात. आईने विचारलं, ही काय पूजा? त्या म्हणाल्या की नागपुरात कूलरले उल्टाच हात लावतात. म्हटलं तर शास्त्रशुद्ध आहे. पत्र्यात करंट उतरला असेल आणि तळवा टेकवला, तर बोटं मिटतात आणि माणूस तिथेच धरून राहतो, सोडू म्हटलं तरी सुटत नाही. उलटा हात आपोआप मागे येतो. मी हे वर्गात सांगते. पण इथे लहान पोरंसुद्धा असंच करतात म्हणे. आईला मात्र सवय नाही. ती कशालाही सपाट तळवा ठेवते, भिंतीला, गाईला, माझ्या डोक्याला.

५ मे

आज इंदुताईंना सांगून टाकलं. गोडच बोलले, निदान मला तसं वाटतं. पडवीतून कुणीतरी रोज घरात डोकावतं हे मला चालत नाही. टाकी मी भरेन, तुम्ही जिने उतरू नका, असं म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा पुन्हा विचारत होत्या, नक्की भराल ना, टाकी रिकामी होऊ देऊ नका, दुपारच्या आत भरा. मी म्हटलं, अहो, मी वीज शिकवते.

८ मे

परवापासून नवा ताप. दुपार झाली की घरातली वीज जाते. शेजाऱ्यांची नाही, फक्त आमची. दाराजवळच्या पेटीत ईएलसीबी बसवलेली आहे, तिचा खटका पडतो. हे यंत्र एकच काम करतं. घरात गेलेला करंट आणि घरातून परत आलेला करंट यांचा हिशेब ठेवतं. जेवढा गेला तेवढा परत आला नाही, तर त्याचा अर्थ तो मधेच कुठूनतरी जमिनीत जातोय. अशा वेळी ते वीज तोडतं. भलं यंत्र आहे. माणसं वाचवतं.

पण दुपारी पंचेचाळीस अंशांत कूलर बंद पडला की आईचा चेहरा लाल होतो. मी खटका वर करते, थोड्या वेळाने पुन्हा पडतो. कॉलेजात असले की दर तासाला तिला फोन करते. ती म्हणते, चालू आहे गं. खोटं बोलते, पंख्याचा आवाज येत नाही हे मला ऐकू येतं.

११ मे

शालिकराम नावाचा इलेक्ट्रिशियन आहे, या गल्लीतल्या सगळ्या घरांचा. रोज "आलोच मॅडम" म्हणतो. आज आला. टेस्टर लावला, पत्र्यावर टकटक केलं आणि निकाल दिला की अर्थिंग झकास आहे, कूलर झकास आहे, खराब आहे तो तुमचा डब्बा. डब्बा म्हणजे ईएलसीबी.

"काढून टाका ना मॅडम, सारं नागपूर बिना डब्ब्याचं चालून राहिलं," तो म्हणाला.

मी त्याला असं काही सुनावलं की बिचारा स्क्रू ड्रायव्हर विसरून गेला. माणूस मेल्यावर तुझा कूलर थंड हवा देत बसेल का, वगैरे. वहीत काढायचा राग त्याच्यावर निघाला. आई आतून बघत होती.

१३ मे

प्रयोगशाळेतून एक छोटं मीटर आणलं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये ते खोचायचं आणि त्यात कूलरचा प्लग. व्होल्ट, करंट आणि वॅट तिन्ही दाखवतं. सॉकेट माझ्या टेबलाशेजारीच आहे, त्यामुळे पेपर तपासताना आकड्यांवर नजर राहते.

दुपारी टाकी अर्ध्याखाली गेली. भरायची म्हणून कूलरचा पंखा आणि पंप दोन्ही बंद केले. मीटरवर शून्य यायला हवं. आलं ०.१९ अँपिअर. दोनशे तीस व्होल्टला ०.१९ ने भागलं. बाराशे दहा ओहम. गुणलं तर साधारण चव्वेचाळीस वॅट. मीटरही चव्वेचाळीसच दाखवत होतं. ही मोटार असती तर मीटरचे वॅट गुणाकारापेक्षा कमी आले असते. म्हणजे पंप नाही, पंखा नाही. बाराशे ओहमची काहीतरी साधी, नुसतीच गरम होणारी गोष्ट. एवढं वाचते न वाचते तोच खटका पडला.

चोर सापडला असं वाटून मी खूश झाले. संध्याकाळी कूलर पूर्ण खोलला. वायर, पंप, मोटार, बटणं, सगळं तपासलं. कुठेही गळती नाही. कुठेही म्हणजे कुठेही नाही. मग बाराशे ओहमचं काय आहे इथे?

१५ मे

आमच्या विभागातले सुमंत सर भले आहेत, त्यांनी त्यांचा प्लास्टिकचा कूलर एक दिवस दिला. तो पडवीत त्याच जागी लावला, जुना बाजूला ओढून ठेवला. दुपारी खटका पडला. ०.१९. बाराशे. प्लास्टिकचा कूलर, अख्खा वेगळा, आणि आकडा तोच. मला रडू यायचं बाकी राहिलं. त्याचा वाराही आईला पुरेना, म्हणून तो परत केला. एसीवाले म्हणतात जूनच्या आधी माणूस नाही.

जुना कूलर परत लावताना एक दिसलं. डाव्या बाजूला, जिथे पाइप धरून उभं राहतात तिथे, तळहाताएवढ्या जागी रंग टिकलेला नाही. वरून कितीदा तरी रंग दिलेला दिसतो, थरावर थर, आणि तेवढीच जागा पोपडे धरलेली. हात लावला. उलटाच लावला. कोमट होती. बाकीचा पत्रा पाण्याने गारढोण.

आई जेवताना म्हणाली, इंदुताईंची सून दुपारची उन्हात उभी असते, तिला आत बोलवत जा. मी सांगितलं, त्या एकट्या राहतात, धुणीभांडी करणारी कुणी असेल. आई म्हणाली, असेल.

१७ मे

हे लिहिताना मला माझाच राग येतोय, कारण असं लिहिणाऱ्या पोराला मी शून्य दिलं असतं.

दुपारी टाकी भरायची वेळ झाली तेव्हा मी कूलरचा प्लग मीटरमधून काढूनच टाकला. प्लग माझ्या हातात. मीटर भिंतीत, रिकामं. त्यात काहीही खोचलेलं नाही.

०.१९.

रिकाम्या मीटरमधून करंट जात होता. चव्वेचाळीस वॅट. कुठे? मग खटका. दुसरं मीटर आणून लावलं, तेही तेच. पडवीत कुणी नव्हतं. पाइप मात्र नळाला जोडलेला होता आणि तोटी उघडी. तोटी मी उघडली नव्हती, आई झोपली होती.

१८ मे

प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना आज सुरक्षिततेचं सांगत होते. दर वर्षीचं ठरलेलं बोलणं. कोरड्या हाताचा रोध खूप असतो म्हणून माणूस कधीकधी वाचतो. हात भिजलेले, पाय अनवाणी, खाली ओली फरशी, तर अंगाचा रोध उतरून येतो साधारण हजार ते

सगळे माझ्याकडे बघत होते. पाणी प्यायले आणि म्हटलं, बाराशे.

१९ मे

वर गेले. इंदुताईंना सरळ विचारलं, या पडवीत कोण मेलं?

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. बहुतेक इतकी वर्षं कुणीतरी विचारावं म्हणून थांबल्या होत्या. सून होती, देवकी. मुलगा नोकरीला परगावी, या दोघीच घरात, तेव्हा खालीच राहत. त्या उन्हाळ्यात ईएलसीबी सारखी पडायची म्हणून इंदुताईंनीच ती काढायला लावली. दुपारी देवकी कूलर भरायला गेली. इंदुताई या खोलीत बसून मेथी निवडत होत्या. जिथे माझं टेबल आहे तिथेच. टाकी भरून पाणी वाहायला लागलं तरी देवकी हलेना. पत्र्याला हात टेकून नुसती उभी.

"मी तिले म्हणून राहिली होती, नळ बंद कर वं, पाणी चाललं सारं. ती माझ्याकडं पाहूनच राहिली. मले वाटलं, मुद्दाम ऐकत नाही. मी बोलतच राहिली तिले, मेथी निवडून होईपर्यंत."

त्या रडल्या नाहीत.

मग बाकीचं सांगितलं. ईएलसीबी पुन्हा बसवली. कूलर भंगारात देऊन पाहिला, नवा आणला, तरी टाकी रिकामी व्हायला आली की खटका पडायचाच. म्हणून तोच कूलर परत आणला आणि तेव्हापासून त्या रोज स्वतः टाकी भरतात. तिला उठावं लागू नये म्हणून. भरलेली असली की ती येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तो डब्बा तेवढा काढू नका, असं दोनदा म्हणाल्या.

मी खाली आले. आईला काही सांगितलं नाही. तिचं काळीज आधीच नाजूक.

२२ मे

इंदुताई पुन्हा रोज टाकी भरतात. मीच पाय धरून सांगितलं म्हणा ना. खटका एकदाही पडला नाही. मीटरवर शून्य म्हणजे शून्य. मला हे अजिबात आवडत नाही. मला कारण हवंय, आणि इथे कारण म्हणून जे आहे ते कुठल्याही पुस्तकात लिहिता येणार नाही. पण आई गार झोपते, तिने आज दोन पोळ्या खाल्ल्या. एवढ्यासाठी मी माझं सगळं शिक्षण गुंडाळून माळ्यावर टाकायला तयार आहे.

२४ मे

इंदुताई नरखेडला गेल्या. भावाच्या नातीचं लग्न, मोसंबीच्या बागेतच मांडव घातलाय म्हणे, टाळता येईना. जाताना मला चार वेळा सांगून गेल्या. अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. उल्टा हात. डब्बा काढायचा नाही. मीही रजा टाकलीय.

२५ मे

आजपासून नवतपा. नऊ दिवस सूर्य सगळ्यात जवळ येतो असं इथे मानतात. सकाळी नऊलाच नळाचं पाणी हाताला सोसेना. कूलर पाणी नुसता पितो. टाकी भरून पेपरकडे वळावं तर अर्धी. दोनदा वेळेत भरली. तिसऱ्यांदा नळाला पाणीच नव्हतं. बादलीने किती भरणार. खटका पडला.

वर केला. पडला. वर केला, पडला. दुपारभर हेच. आई ओल्या पंच्यात पडून होती. पन्हं ओकून टाकलं. नाडी धावत होती. मी शालिकरामला फोन लावला, तो म्हणाला आलोच.

२६ मे

सत्तेचाळीस अंश. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, खोली थंड ठेवा नाहीतर भरती करा. सरकारी दवाखान्यात उष्माघाताच्या खोलीत पलंग नाही, खासगीत उद्या बघू म्हणतात. जाता-येता ऊन लागलं तर तेच नडेल, असंही तेच म्हणाले.

खटका. खटका. खटका.

दुपारी आईची शुद्ध हरपल्यासारखी झाली. मला अण्णा म्हणून हाक मारली. अण्णा म्हणजे माझे वडील, ते जाऊन वीस वर्षं झाली.

मी पेटी उघडली. ईएलसीबीच्या तारा काढल्या आणि सरळ जोडून टाकल्या. शालिकराम त्याचा स्क्रू ड्रायव्हर इथे विसरला होता, तोच वापरला. त्याला मी काय काय बोलले होते.

कूलर लागला. बंद पडला नाही. आई संध्याकाळी उठून बसली आणि तिने भात मागितला.

फक्त या नवतप्यापुरतं. पडवीच्या दाराला कडी लावलीय. आईने तिकडे जायचंच नाही. भरायच्या वेळी प्लग काढायचा आणि मीच भरायचं.

२७ मे

आता तोडायला काही उरलं नाही, त्यामुळे आकडा जात नाही. ०.१९. टाकी अर्धी झाली की येतो, भरली की बराच वेळ तसाच राहतो. पूर्वी खटक्यामुळे एक क्षण दिसायचा. आता बघत बसावं लागतं. बाराशे ओहम. चव्वेचाळीस वॅट. इतकी वर्षं कुणीतरी चव्वेचाळीस वॅटवर उभं आहे, पत्र्याला हात लावून, आणि आज ते तुटत नाही —

पाठ करून बसले. तरी मान तिकडे वळते. दिसत काही नाही. जाळी, ऊन, पत्रा.

आई बरी आहे. बरी झाली की तिचं बोलणं सुरू. म्हणाली, त्या पोरीचा हात अवघडला असेल गं, किती वेळ उभी असते. मी ओरडले. तिथे कुणी नाही, तू पडवीत गेलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील, असलं काहीबाही. ती म्हणाली, तू माझी मुलगी आहेस की जेलर.

झोप नाही. इंदुताईंचा फोन लागत नाही, बागेत रेंज नसते.

२८ मे

सकाळी ठरवलं. आज संध्याकाळी तारा पुन्हा नीट जोडायच्या. खासगीत पलंग मिळतोय, संध्याकाळी नेईन. दुपार काढायची फक्त. तेवढी एक —

तीन गठ्ठे तपासून झाले. पोरांनी पुन्हा दुप्पट लिहिलंय.

टाकी अर्धी झाली. प्लग काढला. हा इथे, पायाशी जमिनीवर पडलाय. पाइप जोडते म्हणून उठले तर चक्कर आली. बसले. पाणी प्यायले.

आईने कडी काढली. म्हणाली, तू बस, मी भरते तेवढं, काल ओरडलीस ते ओरडलीस. नको म्हटलं. गेलीच. हट्टी बाई. भांडायला अंगात बळ नाही. प्लग तर काढलेला आहे. दारातून मला दिसतेय ती. अनवाणी गेली. चपला घाल म्हटलं. नाही.

रिकाम्या मीटरवर ०.१९. रोजचंच.

पाइप टाकीत घातला तिने. काहीतरी बोलतेय. माझ्याशी नाही. हळू आवाजात, लेकीशी बोलावं तसं. दे इकडे, मी धरते, तू सोड आता, असं काहीतरी. ऊन डोक्यात गेलं की काय हिच्या.

टाकी भरली. पाणी वाहतंय. पडवीभर. नळ बंद कर म्हटलं. हलत नाही. परत सांगितलं, पाणी येत नाही इथे धड, वाया घालवू नकोस. वळून माझ्याकडे बघतेय. ऐकू येतंय तिला. तरी नाही. कालचा राग काढतेय, मुद्दाम. अस्सा संताप आला होता, ओरडणार होते — नाही. तिनेच सांगितलंय, राग वहीत काढ, माणसांवर नको. म्हणून लिहितेय. लिहून शांत होते, मग उठते. बघू दे तिला. बघतेच आहे अजून, डोळे सुद्धा न मिट

मीटर ०.३८

असं कसं. आकडा कधी बदलला नव्हता. २३० भागिले ०.३८ — सहाशे पाच. बाराशेच्या निम्मा. निम्मा म्हणजे दोन सारखे, समांतर, पोरं इथेच चुकतात, एक नाही, दोन

तळवा सरळ टेकलाय तिचा

आई